खानदेशात शहामृगं होती का? पाटण्यात सापडलेल्या अंड्याच्या टरफलावरची नक्षी काय सांगते

जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचं गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ते माहीत असतं. भास्कराचार्यांच्या नावामुळेही ते अनेकांनी ऐकलेलं असतं. पण जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना पाटणे ठाऊक आहे ते शहामृगाच्या अंड्याच्या टरफलाच्या एका छोट्याशा तुकड्यामुळे.

या तुकड्यावर माणसाने दगडी हत्याराने रेषा कोरल्या आहेत. भारतात सापडलेल्या आणि माणसानेच केलेल्या म्हणून मान्य झालेल्या सर्वांत जुन्या नक्षीकामांमध्ये त्याची गणना होते. त्याच्यासोबत टरफलाचे मणीही मिळाले.

हा तुकडा नेमका काय आहे, त्याचं वय कसं ठरलं, त्यावरच्या रेषांचा काही धार्मिक किंवा आध्यात्मिक अर्थ लावता येतो का आणि त्याच्याबद्दलचे कोणते दावे टिकतात, हे समजून घेऊ.

थोडक्यात

• ठिकाण: पाटणे, ता. चाळीसगाव, जि. जळगाव
• उत्खनन: १९७२-७३, पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी
• काय मिळालं: कोरीव रेषा असलेला शहामृगाच्या अंड्याच्या टरफलाचा तुकडा, टरफलाचे मणी, दगडी हत्यारं
• काळ: उत्तर पुराश्मयुग, रेडिओकार्बन पद्धतीने सुमारे २५,००० वर्षं
• नक्षी: समांतर रेषांच्या चौकटीत एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी

पाटणे नेमकं कुठे आहे?

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर सुरू होतात. त्या डोंगरांच्या पायथ्याशी, गौताळा औट्रमघाट अभयारण्याला लागून पाटणे वसलं आहे. डोंगराच्या वरच्या अंगाला, पण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. पाटण्यातच शके ११२८ म्हणजे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे.

म्हणजे मंदिर, मठ आणि लेणी यांमुळे हा परिसर इतिहासात आधीपासून होताच. १९७२-७३ च्या उत्खननाने त्याचा काळ एकदम कित्येक हजार वर्षं मागे नेला.

हे उत्खनन करणारे एस. ए. साळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागात होते. पुढे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचं प्रसिद्ध उत्खननही त्यांच्याच नेतृत्वाखाली झालं. पाटण्याच्या कामाचा सविस्तर वृत्तांत त्यांच्या महाराष्ट्रातील उत्तर पुराश्मयुग आणि मध्याश्मयुग या विषयावरच्या ग्रंथात आहे. तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला.

पाटण्याचं वैशिष्ट्य म्हणजे इथल्या मातीचे थर. सगळ्यात खाली मध्य पुराश्मयुगाची हत्यारं, त्याच्या वर उत्तर पुराश्मयुगाची लांबट पाती आणि त्याच्याही वर मध्याश्मयुगाची बारीक हत्यारं, असा क्रम इथे एकाच ठिकाणी मिळाला. माणसाची हत्यारं मोठ्याकडून बारीक होत कशी गेली, ते एखाद्या वहीची पानं उलटावीत तसं इथे दिसतं. कोरीव टरफल याच क्रमातल्या उत्तर पुराश्मयुगीन थरातून आलं. त्यामुळे ते कोणत्या काळातल्या माणसांचं, हे ठरवायला आधार मिळाला.

पण शहामृग? आणि खानदेशात?

ही शंका अनेकांना येते, आणि ती रास्त आहे. आज शहामृग म्हटलं की आफ्रिका आठवते. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात इमूपालनाची लाट आली होती, पण इमू हा वेगळा पक्षी. तो ऑस्ट्रेलियाचा. इथे गोष्ट खऱ्या शहामृगाची आहे.

शहामृग फक्त आफ्रिकेत होते, हा समज चुकीचा आहे. अरबस्तानात आणि आसपासच्या वाळवंटात विसाव्या शतकापर्यंत जंगली शहामृग होते, शिकारीमुळे ते संपले. भारतात राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून चाळीसहून अधिक ठिकाणी शहामृगाच्या अंड्यांच्या टरफलांचे तुकडे सापडले आहेत.

तरीही ही टरफलं खरंच शहामृगाची आहेत का, की दुसऱ्या एखाद्या मोठ्या पक्ष्याची, असा प्रश्न उरतच होता. त्याचं उत्तर २०१७ मध्ये मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी म्हणजे पेशीय आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी, इतर संस्थांच्या मदतीने, राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या जुन्या टरफलांमधून डीएनए मिळवला. तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. किमान २५,००० वर्षांपूर्वी भारतात शहामृग होते, हे त्यातून पक्कं झालं.

शहामृगाला मोकळं, कोरडं, गवताळ रान लागतं. दाट जंगलात त्याचं भागत नाही. त्या काळात पृथ्वीवर शेवटचं हिमयुग चालू होतं. भारतात बर्फ पसरलेला नव्हता, पण पाऊस आजच्यापेक्षा कमी होता. त्यामुळे टरफलाचे हे तुकडे त्या काळच्या हवामानाचीही साक्ष देतात. पाटण्याच्या आसपास मोकळी माळरानं होती आणि त्यात धावणारे हे उंच पक्षी होते, हे चित्र त्यातून उभं राहतं.

टरफलच का?

शहामृगाचं अंडं साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि सुमारे १.४ किलो वजनाचं असतं. त्याचं टरफल जवळपास २ मिलिमीटर जाड असतं. कोंबडीच्या अंड्याच्या टरफलापेक्षा कित्येक पट जाड आणि चिनी मातीच्या कपासारखं टणक.

भटक्या माणसाला अशा अंड्याचा तिहेरी उपयोग होता. आतला बलक आणि पांढरं म्हणजे कित्येक माणसांचं जेवण. एका टोकाला भोक पाडून आतलं काढून घेतलं, की सुमारे एक लिटर पाणी मावणारी आयती बाटली. आणि ती फुटली तर तिच्या तुकड्यांचे मणी. दक्षिण आफ्रिकेतल्या कलाहारी प्रदेशातले सान लोक अगदी अलीकडेपर्यंत शहामृगाच्या अंड्यात पाणी साठवत. ती अंडी कोणाची हे ओळखू यावं म्हणून त्यावर खुणाही कोरत.

मण्यांची पद्धत सोपी वाटते, पण वेळखाऊ आहे. टरफलाचे छोटे तुकडे करायचे. अणकुचीदार दगडी टोच्याने मधोमध भोक पाडायचं. मग कडा ठोकून साधारण गोल करायच्या आणि शेवटी खरबरीत दगडावर घासून गुळगुळीत करायच्या. असे अनेक मणी एका दोऱ्यात ओवून एकत्र घासले की सगळे सारख्या आकाराचे होतात.

मणी हाताने केलेला आहे, हे ओळखणं सोपं असतं, कारण निसर्गात असं मधोमध भोक असलेलं गोल टरफल तयार होत नाही. रेषांचं तसं नसतं. खरा वाद तिथेच सुरू होतो.

रेषा माणसाने कोरल्या, हे कशावरून?

१९८० च्या दशकात गिरिराज कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या अनेक ठिकाणच्या टरफलांवर कोरीव नक्षी असल्याचं मांडलं. तसं असतं तर उत्तर पुराश्मयुगातला भारत नक्षीदार टरफलांनी भरलेला ठरला असता.

मग ऑस्ट्रेलियातले संशोधक रॉबर्ट बेडनारिक यांनी हे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांचा निष्कर्ष धक्का देणारा होता. बहुतेक तुकड्यांवरच्या रेषा माणसाने कोरलेल्या नव्हत्या. टरफल हजारो वर्षं मातीत पडून राहतं. त्यावर झाडांच्या मुळांचा आणि सूक्ष्मजीवांचा परिणाम होतो, आम्लामुळे पृष्ठभाग झिजतो. त्यातून वेड्यावाकड्या खाचा तयार होतात आणि त्या दिसायला नक्षीसारख्याच असतात.

या तपासणीत पाटण्याचा तुकडा मात्र टिकला. त्यावरच्या रेषा सरळ आहेत. समांतर रेषांनी आखलेले दोन पट्टे आहेत आणि त्या पट्ट्यांच्या आत तिरप्या रेषा एकमेकींना छेदत जाळी तयार करतात. मुळं किंवा सूक्ष्मजीव अशी चौकट आखून आत भरत नाहीत. आधी सीमारेषा ठरवायची आणि मग आतली जागा भरायची, यासाठी डोक्यात काहीतरी योजना असावी लागते.

म्हणूनच हा एक तुकडा इतका महत्त्वाचा आहे. ढीगभर पुरावे तपासणीत गळून पडले आणि जे उरलं, त्यात खानदेशातला हा तुकडा होता.

२५ हजार वर्षं हा आकडा कुठून आला?

तो आला रेडिओकार्बन म्हणजे कार्बन-१४ पद्धतीतून. प्रत्येक सजीवाच्या शरीरात थोडा कार्बन-१४ असतो. तो किरणोत्सारी असल्यामुळे ठराविक वेगाने कमी होतो. दर ५,७३० वर्षांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. नमुन्यात किती उरला आहे हे मोजलं की वय काढता येतं. अंड्याचं टरफल कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि त्यातला कार्बन पक्ष्याच्या खाण्यातून येतो. त्यामुळे टरफलाचं वयही असं मोजता येतं.

पाटण्याच्या टरफलाचं रेडिओकार्बन वय सुमारे २५,००० वर्षं आलं. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली गोष्ट: रेडिओकार्बन वर्ष आणि कॅलेंडरमधलं वर्ष तंतोतंत सारखं नसतं, कारण हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण काळानुसार बदलत आलं आहे. आजच्या तक्त्यांनुसार दुरुस्ती केली तर २५,००० हा आकडा सुमारे २९,००० वर्षांवर जातो. म्हणून काही ठिकाणी २५ हजार तर काही ठिकाणी ३० हजारांच्या जवळचा आकडा दिसतो. त्यात विरोधाभास नाही.

दुसरी गोष्ट: या पद्धतीने कळतं ते अंडं कधी घातलं गेलं. रेषा कधी कोरल्या, ते त्यातून थेट कळत नाही. एखाद्याने जुनं पडलेलं टरफल उचलून नंतर कोरलं, असंही होऊ शकतं. पण टरफल, मणी आणि दगडी पाती एकाच काळातल्या थरांतून मिळाल्यामुळे नक्षीही उत्तर पुराश्मयुगातलीच मानली जाते. थर महत्त्वाचे असतात ते यासाठी. हाच तुकडा कोणी ओढ्यातून उचलून आणला असता, तर त्याचं मोल निम्म्याहून कमी झालं असतं.

या जाळीचा अर्थ काय? देवाधर्माशी काही संबंध?

सोशल मीडियावर अशा वस्तूंबद्दल सगळ्यात जास्त चर्चा याच प्रश्नाची होते. उत्तर देण्याआधी जगातली काही उदाहरणं पाहू.

उत्तर रशियातल्या यमाल द्वीपकल्पावर आणि आसपास नेनेत्स नावाचा समाज राहतो. त्यांची लोकसंख्या ४०-५० हजारांच्या घरात आहे. रेनडिअरचे कळप घेऊन ते मोसमाप्रमाणे फिरतात. रेनडिअरच्या शिंगांपासून आणि हाडांपासून ते कळपाच्या साजातले भाग, बकलं, सुऱ्यांच्या मुठी करतात. त्यांच्या पवित्र जागांवर रेनडिअरची शिंगं आणि कवट्या रचलेल्या असतात. देवतांच्या मूर्ती आणि पवित्र वस्तू वाहून न्यायला त्यांच्याकडे वेगळी घसरगाडी असते आणि ती रोजच्या सामानासाठी वापरत नाहीत. शिंग त्यांच्यासाठी रोजची वस्तूही आहे आणि देवाशी जोडणारी खूणही.

हे आपल्याला कळतं कशामुळे? नेनेत्स लोक आज आहेत म्हणून. कोणतं शिंग फक्त मूठ आहे आणि कोणतं पवित्र आहे, हे ते स्वतः सांगू शकतात. वस्तू पाहून हा फरक कळलाच असता असं नाही.

आता त्याच सायबेरियात, पण काळाच्या मागे जाऊ. इर्कुत्स्क शहराजवळ माल्टा नावाचं ठिकाण आहे. तिथे सुमारे २४,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत मॅमथ हत्तीच्या सुळ्यांपासून कोरलेल्या स्त्रियांच्या छोट्या मूर्ती आणि उडणाऱ्या पक्ष्यांची लटकनं सापडली. एका लहान मुलाच्या दफनात मणी होते. हा काळ पाटण्याच्या आसपासचाच आहे. माल्टाच्या मूर्तींबद्दल अनेक तर्क केले जातात, पण निदान त्या स्त्रिया आहेत आणि ते पक्षी आहेत एवढं तरी दिसतं. मृताबरोबर मणी ठेवले, म्हणजे मृत्यूबद्दल काहीतरी कल्पना होती असंही म्हणता येतं.

पाटण्याच्या तुकड्यावर मात्र फक्त रेषा आहेत. ना माणूस, ना प्राणी. तो पुरलेल्या माणसाशेजारी नव्हता, कुठल्या पूजास्थळी नव्हता. आणि अर्थ सांगणारे कोणी उरलेले नाहीत.

तिसरं उदाहरण आफ्रिकेचं. दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफ इथे सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीच्या थरांत शहामृगाच्या अंड्यांच्या टरफलांचे कोरीव तुकडे शेकड्यांनी सापडले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७० तुकड्यांचा विचार होता. त्यांवर ठराविक तीन-चार प्रकारच्याच नक्ष्या पुन्हापुन्हा येतात. त्यातली एक म्हणजे दोन समांतर रेषांमध्ये आडव्यातिडव्या रेषा भरलेला पट्टा. ही अंडी पाण्याची भांडी म्हणून वापरत असावेत, असं संशोधकांचं मत आहे.

एकच नक्षी शेकडो वेळा आली, तर ती गटाने ठरवलेली खूण होती असं ठामपणे म्हणता येतं. "हे आमच्या टोळीचं" किंवा "हे अमक्याचं" असा तिचा अर्थ असू शकतो. एकच तुकडा असेल तर असं म्हणता येत नाही. पाटण्याची अडचण हीच आहे.

मग काहीच सांगता येत नाही का?

सांगता येतं, आणि ते कमी नाही.

पाटण्याच्या माणसाने शिकारीला किंवा खाण्याला थेट उपयोगी नसलेलं काम करायला वेळ काढला. टरफल टणक असतं. त्यावर बारीक रेषा ओढायला धारदार दगड, स्थिर हात आणि चांगला उजेड लागतो. हात घसरला की रेषा वाकडी. कोणीतरी बसून, नेट लावून हे केलं.

मण्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. दागिना दुसऱ्याने पाहावा म्हणून घातला जातो. गळ्यातल्या मण्यांवरून वय, लग्न, कुळ किंवा मान ओळखता येतो. मंगळसूत्र किंवा बोरमाळ पाहून आपण न विचारता कितीतरी ओळखतो. मणी घालणाऱ्या समाजात माणसं एकमेकांना खुणांनी काहीतरी सांगत होती, हे नक्की. काय सांगत होती, ते मात्र त्यांच्याबरोबर गेलं.

पुरातत्त्वात याला प्रतीकात्मक वर्तन म्हणतात. एखाद्या वस्तूला तिच्या उपयोगापलीकडचा अर्थ देणं, ही क्षमता भाषेच्या आणि धर्माच्याही मुळाशी आहे. पाटण्याचा तुकडा या क्षमतेचा पुरावा आहे. विशिष्ट देवतेचा किंवा विशिष्ट धर्माचा पुरावा तो नाही.

घाईने अर्थ लावला की काय होतं?

याचं बोलकं उदाहरण उत्तर प्रदेशातलं आहे. बेलन नदीच्या खोऱ्यात लोहंदा नाला इथे हाडाची एक कोरीव वस्तू सापडली. अलाहाबाद विद्यापीठाच्या जी. आर. शर्मा यांच्या गटाने तिला मातृदेवतेची मूर्ती म्हटलं. भारतातली सर्वांत जुनी देवीची मूर्ती म्हणून तिची ख्याती झाली आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही ती पोहोचली.

नंतर इतर अभ्यासकांनी ती बारकाईने पाहिली. त्यांच्या मते ती मूर्ती नसून मासे मारण्याच्या काटेरी भाल्याचं तुटलेलं टोक आहे. जे देवीचे अवयव वाटत होते, ते भाल्याचे झिजलेले काटे होते. आज बऱ्याच तज्ज्ञांना हेच मत पटतं. देवी म्हणून पाहिलं की देवी दिसते, हत्यार म्हणून पाहिलं की हत्यार. डोळ्यांना काय दिसेल हे अनेकदा मनात आधी काय आहे त्यावर ठरतं.

ही नक्षी आफ्रिकेतून आली का?

डीपक्लूफची आणि पाटण्याची नक्षी दिसायला जवळची आहे. केंब्रिज विद्यापीठाचे पॉल मेलर्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हाच धागा पकडला. आधुनिक माणूस सुमारे ६० ते ५० हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून समुद्रकिनाऱ्याने भारतात आला, येताना बारीक दगडी हत्यारं करण्याची आणि अशी नक्षी कोरण्याची रीत घेऊन आला, असं त्यांनी मांडलं. पुरावा म्हणून त्यांनी पाटण्याचा तुकडा दाखवला.

यावर आक्षेप आहेत. डीपक्लूफ आणि पाटणे यांच्यामध्ये सुमारे ३० हजार वर्षांचं अंतर आहे. इतक्या काळात मधले दुवे सापडायला हवेत. शिवाय आडव्यातिडव्या रेषांची जाळी ही इतकी साधी नक्षी आहे की ती वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या माणसांना स्वतंत्रपणे सुचू शकते. चटई विणताना, टोपली करताना, जाळं बांधताना हाच आकार हाताखाली येतो.

बारीक हत्यारांबाबतही मतभेद आहेत. आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरम इथे ती सुमारे ३५,००० वर्षांपूर्वीची, तर खानदेशाच्या उत्तरेला निमाडमधल्या मेहताखेडी इथे सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीची मिळाली आहेत. ही हत्यारं बाहेरून आली की इथेच विकसित झाली, यावर वाद चालू आहे. पण या जागतिक वादात चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावाचं नाव पुन्हापुन्हा येतं, हे मात्र खरं.

खानदेशात हाडांचं काम पुढेही चालू राहिलं का?

मधे हजारो वर्षांचा काळ आहे, त्यामुळे पाटण्याची परंपरा तशीच पुढे आली असं म्हणता येणार नाही. पण प्राण्यांच्या अवशेषांपासून वस्तू करण्याची उदाहरणं खानदेशात नंतरच्या काळातही मिळतात. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात कावठे इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. ती सावळदा संस्कृतीची, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची, शेती आणि पशुपालन करणाऱ्यांची वस्ती होती. तिथे हाडांपासून केलेली हत्यारं सापडली. त्या काळी तांबं दुर्मीळ होतं आणि हाड घरचंच होतं. टोचायला, शिवायला, भोक पाडायला ते सोयीचं.

कावठ्याच्या हाडांना कोणी गूढ अर्थ जोडत नाही, कारण ती उघडच कामाची हत्यारं आहेत. पाटण्याच्या तुकड्याकडेही तितक्याच शांतपणे पाहायला हवं.

व्हायरल दावे आणि वस्तुस्थिती

दावा: पाटण्याच्या तुकड्यावर जगातली सर्वांत जुनी लिपी आहे.
वस्तुस्थिती: नाही. लिपीत वेगवेगळी चिन्हं ठराविक क्रमाने येतात आणि त्यांना भाषेतला उच्चार किंवा अर्थ असतो. इथे एकाच प्रकारच्या रेषांची जाळी आहे.

दावा: ही जगातली सर्वांत जुनी कला आहे.
वस्तुस्थिती: नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत गेरूच्या तुकड्यांवर कोरलेली जाळी सुमारे ७५,००० वर्षं जुनी आहे. पाटण्याचा तुकडा भारतातल्या सर्वांत जुन्या आणि काळ ठरवता आलेल्या नक्षीकामांपैकी एक आहे. तेवढा मान त्याला पुरेसा आहे.

दावा: हे पाटणादेवीच्या उपासनेचे पुरावे आहेत.
वस्तुस्थिती: नाही. पाटणादेवीचं मंदिर यादवकाळातलं आहे. दोन्हींमध्ये पंचवीस हजारांहून अधिक वर्षांचं अंतर आहे. जागा एकच असली म्हणून परंपरा एकच ठरत नाही.

दावा: हा तुकडा आजच्या अमुक समाजाच्या पूर्वजांनी केला.
वस्तुस्थिती: असं कोणत्याच समाजाबद्दल म्हणता येत नाही. इतक्या काळात माणसांची अनेक स्थलांतरं आणि मिसळण झाली आहे.

शेतात किंवा ओढ्यात असं काही सापडलं तर?

खानदेशातल्या नद्या-ओढ्यांच्या काठांवर जुने थर अनेक ठिकाणी उघडे पडलेले असतात. विहीर खोदताना, मुरूम काढताना, पावसाळ्यानंतर दरड कोसळल्यावर दगडी पाती, हाडं किंवा जाड टरफलाचे तुकडे दिसू शकतात. अशा वेळी हे लक्षात ठेवा.

• वस्तू जागेवरून हलवू नका. ती कोणत्या थरात आहे यावरच तिचं वय ठरतं.
• शेजारी पट्टी, पेन किंवा नाणं ठेवून जवळून आणि लांबून फोटो काढा.
• घासू, धुऊ नका. बारीक खाचा आणि त्यातले माणसाच्या हाताचे पुरावे त्यातच नष्ट होतात.
• ठिकाणाची नोंद ठेवा, पण नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका. हौशी लोक खोदायला पोहोचतात.
• तहसील कार्यालय किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ किंवा पुण्याचं डेक्कन कॉलेज अशा संस्थांचंही मार्गदर्शन घेता येतं.

जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो.

पाटण्यात एकच कोरीव तुकडा आहे, म्हणून त्याच्या अर्थाबद्दल ठामपणे बोलता येत नाही. तशाच नक्षीचे आणखी तुकडे आपापल्या थरांत मिळाले, तर ती एका माणसाची हौस होती की अख्ख्या टोळीची खूण, हे कळू शकेल. असा दुसरा तुकडा गिरणेच्या किंवा तितूरच्या खोऱ्यात एखाद्या बांधाखाली अजून असू शकतो. तो कुणाच्या नजरेस पडला, तर तिथेच राहू द्यावा आणि जाणकारांना बोलवावं.